पेटी आणि पुस्तक: घरगुती होमिओपॅथीच्या इतिहासातील काही पाने

आपल्याकडे वैद्यकाचा इतिहास प्रायः संस्थांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. १८३५ चे कलकत्त्याचे मेडिकल कॉलेज, १८४५ चे मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज, १८९७ चा साथीच्या रोगांचा कायदा अशा खुणांवरून तो पुढे सरकतो. या आराखड्यात होमिओपॅथीला जागा शोधू लागले की अडचण होते. तिच्यामागे भारतात दीर्घकाळ ना सरकार होते, ना मोठे इस्पितळ. ती आली एका लहानशा लाकडी पेटीतून आणि त्या पेटीसोबतच्या पुस्तकातून. पेटीत बुचे लावलेल्या काचेच्या बाटल्या, बाटल्यांत साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या किंवा औषधी अर्क, आणि पुस्तकात कोणत्या दुखण्यावर कोणती बाटली उघडायची याचे मार्गदर्शन. ज्याला वाचता येत होते त्याला औषध देता येत होते. म्हणून या चिकित्सापद्धतीचा भारतीय इतिहास वैद्यकाइतकाच वाचनाचाही आहे, असे आम्हांला वाटते, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे वळावे ते याच कारणासाठी.

या पद्धतीचा उगमच एका तळटीपेत आहे. साम्युएल हानेमान (१७५५–१८४३) हा जर्मन वैद्य व्यवसायाला विटून भाषांतरांवर गुजराण करीत होता. १७९० मध्ये विल्यम कलेन या स्कॉटिश प्राध्यापकाच्या औषधिविज्ञानावरील ग्रंथाचे भाषांतर करताना, सिंकोनाची साल हिवतापावर गुणकारी का ठरते याचे कलेनने दिलेले स्पष्टीकरण त्याला पटेना. त्याने ती साल स्वतः घेऊन पाहिली, आपल्याला हिवतापासारखीच लक्षणे जाणवल्याचे नोंदवले, आणि ही नोंद भाषांतराच्या तळटीपेत घातली. निरोगी माणसात जे द्रव्य एखादे लक्षण उत्पन्न करते तेच रोग्यातील तशा लक्षणाचे निवारण करते, हा समचिकित्सेचा सिद्धान्त या टीपेतून वाढला आणि १८१० च्या ‘ऑर्गेनॉन’मध्ये ग्रंथबद्ध झाला. मूळ लेखकाशी वाद घालणारे भाषांतरकार आपल्याला ठाऊक आहेत. पण तळटीपेतून स्वतंत्र संप्रदाय उभा करणारा भाषांतरकार विरळाच.

त्या काळच्या प्रतिष्ठित वैद्यकाशी तुलना केल्याखेरीज हानेमानचे आकर्षण कळणार नाही. शिरा तोडून रक्त काढणे, जळवा लावणे, पाऱ्याचे कॅलोमेल तोंडाला फेस येईपर्यंत देणे, जुलाबामागून जुलाब, हा तेव्हाचा शास्त्रसंमत उपचार होता. असे उपचार घरात करणे धोक्याचे होते आणि डॉक्टराकडून करून घेणे त्याहून फारसे सुरक्षित नव्हते. हानेमानची मात्रा इतकी सूक्ष्म की तिने अपाय होण्याची भीती नाही. गोळी गोड, त्यामुळे मूल थुंकून टाकत नाही. बाटली वर्षानुवर्षे टिकते. औषध स्वतः तयार करून देण्याच्या हक्कावरून लाइपझिगच्या औषधविक्रेत्यांशी हानेमानचा झगडा झाला आणि १८२१ मध्ये त्याला ते शहर सोडून क्योथेनला जावे लागले, ही गोष्टही सूचक आहे. औषध विक्रेत्याच्या फडताळातून बाहेर काढून थेट देणाऱ्याच्या हाती सोपवणे या पद्धतीच्या स्वभावातच होते.

ते गृहस्थाच्या हाती सोपवण्याचे काम हानेमानच्या एका अनुयायाने केले. कॉन्स्टंटाइन हेरिंग हा जर्मन डॉक्टर दक्षिण अमेरिकेतील सुरिनाममार्गे पेनसिल्व्हेनियात पोहोचला आणि १८३५ मध्ये त्याने घरगुती वैद्यावरील आपल्या पुस्तकाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. डॉक्टर कोसच्या कोस दूर असलेल्या वसाहतींतील कुटुंबांसाठी हे पुस्तक होते आणि त्याच्या जोडीला औषधांची पेटी मिळे. पुढे इंग्लंड-अमेरिकेत अशा पुस्तक-पेट्यांचा सुकाळ झाला आणि मिशनरी, सैन्यातील अधिकारी, व्यापारी यांच्या सामानातून त्या समुद्रापार गेल्या.

कलकत्त्यात या पेटीला जो पहिला मोठा आश्रयदाता भेटला तो डॉक्टर नव्हता. राजेंद्रलाल दत्त, अर्थात राजेन बाबू, हे वेलिंग्टन स्क्वेअरच्या श्रीमंत दत्त घराण्यातले. त्यांनी होमिओपॅथीचा अभ्यास स्वतः पुस्तकांवरून केला आणि गोरगरिबांना फुकट औषधे देऊ लागले. त्यांच्या रुग्णांची नावे वाचली की एकोणिसाव्या शतकातील बंगालचे एक विलक्षण चित्र डोळ्यांपुढे येते. ‘शब्दकल्पद्रुम’ हा संस्कृत महाकोश सिद्ध करणारे राजा राधाकांत देव पायाच्या चिघळलेल्या जखमेसाठी त्यांच्याकडे आले. ईश्वरचंद्र विद्यासागर डोकेदुखीसाठी आले. विधवाविवाहाच्या वादात हे दोघे परस्परांचे कट्टर विरोधक. १८५६ चा कायदा होऊ नये म्हणून राधाकांतांनी सह्यांचा अर्ज धाडला आणि तो व्हावा म्हणून विद्यासागरांनी धर्मशास्त्र धुंडाळले. पण औषधाच्या गोळ्या दोघांनीही एकाच हातून घेतल्या. (विद्यासागरांचे विधवाविवाहावरील लेखन विष्णुशास्त्री पंडितांनी मराठीत आणले, त्यामुळे तो वाद आपल्याला परका नाही. त्यांच्या गोळ्यांची वार्ता मात्र आपल्यापर्यंत फारशी पोहोचली नाही.)

विद्यासागर बरे होऊन थांबले नाहीत, ते स्वतः औषध देऊ लागले. आयुष्याच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या भद्रसमाजाला कंटाळून त्यांनी आज झारखंडात असलेल्या करमाटाड येथे घर केले. तिथे संथाळांच्या वस्तीत ते होमिओपॅथीची औषधे वाटत. ज्यांच्या ‘वर्णपरिचया’वर बंगालच्या पिढ्या अक्षरे गिरवायला शिकल्या तो पंडित निरक्षर संथाळांना पुस्तक पाहून औषध देतो, या दृश्यात पेटीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा दोन्ही दिसतात. डॉक्टर नसलेल्या मुलखात एक वाचता येणारा सहृदय माणूस पुरे होतो, हे सामर्थ्य. वाचता येणाऱ्याच्या मनात आले तरच औषध मिळते, ही मर्यादा. विद्यासागरांच्या करुणेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण पेटीने औषध डॉक्टराकडून काढून घेतले तरी ते साक्षराच्या हाती दिले, सर्वांच्या हाती नव्हे, हे नोंदवले पाहिजे.

याच सुमारास एक डॉक्टर उलट दिशेने चालत आला. महेंद्रलाल सरकार (१८३३–१९०४) हे कलकत्ता मेडिकल कॉलेजचे १८६३ चे एम. डी. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या बंगाल शाखेच्या स्थापनेच्या वेळी त्यांनी होमिओपॅथीवर सडकून टीका केली होती. पुढे मॉर्गन नावाच्या लेखकाचे होमिओपॅथीच्या तत्त्वज्ञानावरील पुस्तक त्यांच्याकडे परीक्षणासाठी आले. परीक्षण प्रामाणिकपणे करायचे तर रुग्ण पाहिले पाहिजेत, असे म्हणून ते राजेन बाबूंच्या रुग्णांचे निरीक्षण करू लागले. परिणाम असा की १६ फेब्रुवारी १८६७ रोजी त्याच शाखेच्या वार्षिक सभेत त्यांनी वैद्यकशास्त्रातील अनिश्चिततेवर व्याख्यान देऊन होमिओपॅथीचा पक्ष घेतला. सभेत गदारोळ झाला, ते बहिष्कृत झाले, आणि काही महिने त्यांच्याकडे रुग्ण फिरकेना. १८६८ मध्ये त्यांनी ‘कलकत्ता जर्नल ऑफ मेडिसिन’ सुरू केले. एका पुस्तकाचे परीक्षण लिहायला बसलेल्या माणसाला परीक्षणाने इतकी किंमत मोजायला लावल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला चटकन आठवत नाही.

महेंद्रलालांची भूमिका घरगुती पेटीच्या भूमिकेहून वेगळी होती, आणि ही गोष्ट अनेकदा दृष्टीआड होते. त्यांना होमिओपॅथी प्रयोगाच्या कसोटीला लावून विज्ञानाच्या आत आणायची होती. १८७६ मध्ये त्यांनी विज्ञानाच्या अनुशीलनासाठी जी संस्था लोकवर्गणीतून उभारली, तिच्याच प्रयोगशाळेत पुढे १९२८ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांना त्यांच्या नावाने ओळखला जाणारा परिणाम सापडला. संस्थापकाची श्रद्धास्थाने कोणतीही असोत, प्रयोगशाळा आपला निष्कर्ष आपल्या वाटेने काढते.

पेटी मात्र प्रयोगशाळेची वाट पाहत थांबली नाही. १८८९ मध्ये महेशचंद्र भट्टाचार्य यांनी कलकत्त्यात होमिओपॅथिक औषधांचे दुकान काढले. स्वस्त औषध आणि देशी भाषेतील पुस्तक ही त्यांची जोडी होती. त्यांच्या पेढीने काढलेले ‘पारिवारिक चिकित्सा’ हे बंगाली पुस्तक असंख्य घरांत शिरले. शाळामास्तर, पोस्टमास्तर, कचेरीतून निवृत्त झालेला कारकून, जमीनदाराचा गुमास्ता हे या पुस्तकांचे वाचक. रवींद्रनाथ ठाकूरही त्यांतलेच. शांतिनिकेतनात आणि आसपासच्या खेड्यांत ते हौसेने औषध देत, आणि उतारवयात बाराक्षारांकडे वळले होते.

आता या पुस्तकांच्या भाषेकडे वळू. होमिओपॅथीत रोगाच्या नावापेक्षा रोग्याच्या लक्षणांना महत्त्व, त्यामुळे औषधाचे वर्णन हे पाहता पाहता व्यक्तिचित्र होते. अ‍ॅकोनाइटचा रोगी कोरडा थंड वारा लागून एकाएकी तापलेला, भेदरलेला, आपण आता वाचत नाही असे सांगणारा. ब्रायोनियाचा रोगी जराही हलायला तयार नाही, हलले की दुखते. रस टॉक्सचा त्याच्या उलट, हिंडत राहिला की त्याला बरे वाटते. आर्सेनिकचा मध्यरात्रीनंतर बेचैन, घोट घोट पाणी मागणारा. पल्साटिला हळवी, सांगता सांगता रडणारी, मोकळ्या हवेत आणि सांत्वनाने निवणारी, तहान नसलेली. नक्स व्हॉमिका हा बैठ्या कामाचा, रात्री जागणारा, क्षुल्लक कारणावरून खेकसणारा गृहस्थ. आणि कॅमोमिलाचे दात येणारे मूल: मागेल ती वस्तू द्यावी तर भिरकावून देते, कडेवर घेऊन फिरवले तरच गप्प राहते. कादंबरीकाराने हेवा करावा इतकी ही निरीक्षणे नेमकी आहेत. तत्कालीन इस्पितळात रोगी म्हणजे एक खाट होती. इथे त्याचे रडणे, त्याची चिडचिड, कोणत्या कुशीवर झोप लागते, दुखणे संध्याकाळी वाढते की पहाटे, हे सर्व पुरावा म्हणून विचारात घेतले जाई.

घरातल्या स्त्रियांच्या दृष्टीने याचे महत्त्व वेगळेच होते. सुनेची झोप उडाली आहे, तिला उगीच रडू येते, गर्दीत गुदमरते, या गोष्टी एरवी ‘नखरे’ या सदरात जमा होत. पेटीच्या पुस्तकाने त्यांना लक्षणांचा दर्जा दिला. तिला प्रश्न विचारावे लागत आणि उत्तर ऐकून घ्यावे लागे. मात्र प्रश्न विचारणारा आणि बाटली निवडणारा बहुधा घरातला पुरुषच असे. ‘हळवी, आज्ञाधारक, रडवी’ ही पल्साटिलेची मूर्ती त्याच्या मनातल्या सुशील सुनेशी जुळावी, यात योगायोगाचा भाग किती असेल?

बंगाली कथाकारांनी हा घरगुती वैद्य अचूक टिपला आहे. शरच्चंद्रांच्या ‘बामुनेर मेये’मधील संध्येचे वडील प्रियनाथ मुखर्जी हे होमिओपॅथीने झपाटलेले घरजावई. गावभर रोगी शोधत हिंडतात, फुकट औषध देतात, आणि गाव त्यांना हसते. कुलीनतेच्या अहंकाराने सडलेल्या त्या गावात निरुपद्रवी आणि निर्लोभ असा तोच एक माणूस आहे, आणि कुळाचे पितळ उघडे पडते तेही त्याच्याच जन्मकथेतून. शरच्चंद्र त्याच्या गोळ्यांना हसतात, त्याला हसत नाहीत. परशुरामांच्या ‘चिकित्सा-संकट’ या कथेत सूर निखळ विनोदाचा. ट्रामवरून पडलेले नंदबाबू डॉक्टर, होमिओपॅथ, कविराज, हकीम अशा सगळ्यांच्या दारी फिरतात, प्रत्येक जण आपापल्या परिभाषेत त्यांना नवा रोग बहाल करतो, आणि शेवटी लेडी डॉक्टरशी लग्न होऊन संकट टळते. परशुराम म्हणजे राजशेखर बसू हे पेशाने रसायनशास्त्रज्ञ होते आणि औषधनिर्मितीच्या कारखान्यात त्यांचे आयुष्य गेले, हे लक्षात घेतले की त्या विनोदाची धार अधिक जाणवते.

पश्चिम किनाऱ्यावर पेटी वेगळ्या वाटेने आली. ऑगस्टस म्युलर हे जर्मन जेसुइट पाद्री १८७८ मध्ये मंगळूरला पोहोचले. १८८० मध्ये त्यांनी कंकनाडी येथे गरिबांसाठी होमिओपॅथिक दवाखाना सुरू केला. पुढे तिथून औषधे टपालाने दूरदूर जाऊ लागली, म्हणजे पेटीला पोस्ट खात्याचे पाय फुटले. म्युलर यांनी ‘बारा ऊतिक्षारां’वरही पुस्तक लिहिले. हे बारा क्षार ओल्डेनबर्गच्या श्युसलर या डॉक्टराचे. १८७३ मध्ये त्याने आपली पद्धती मांडली आणि ती होमिओपॅथी नव्हे असे तो निक्षून सांगत राहिला. त्याचे कोणी ऐकले नाही. मराठी मध्यमवर्गीय घरांत ‘बाराक्षार’ हा शब्द रुळला तो होमिओपॅथीचे धाकटे भावंड म्हणूनच, आणि द्वैभाषिक मुंबई राज्याच्या १९५९ च्या व्यवसायी कायद्याच्या नावातही दोघे जोडीनेच आले.

मराठी घराला बाराक्षार का मानवले असावेत? एक तर संख्या आटोपशीर. होमिओपॅथीचा औषधिसंग्रह शेकड्यांत जातो, इथे बारा बाटल्यांत विषय संपतो. दुसरे, आजीबाईचा बटवा घरात आधीच होता. ओवा, सुंठ, वेखंड यांच्या शेजारी नवी पेटी निमूट जाऊन बसली. तिसरे कारण पथ्याचे. हानेमानने १८०३ मध्ये कॉफीच्या दुष्परिणामांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली होती आणि औषध चालू असताना कॉफी, उग्र वासाचे पदार्थ, कापूर वर्ज्य सांगितला होता. कांदा-लसूण-हिंग बंद, गोळीला हात लावायचा नाही, बुचातून थेट जिभेवर टाकायची: हे नियम सोवळ्याच्या आणि पथ्याच्या संस्कारात वाढलेल्या घराला शिकवावे लागले नाहीत. ज्या औषधाला पथ्य नाही त्याच्यावर आपल्या आजीचा विश्वास तरी कुठे बसत असे?

मग या गोळ्यांनी माणसे बरी होत होती काय? हा प्रश्न टाळून हा इतिहास लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. तीस पोटेन्सीचे औषध म्हणजे शंभरात एक असे विरलन तीसदा केलेले. मूळ द्रव्याचे प्रमाण एकावर साठ शून्ये इतके उतरते, आणि बाराव्या पायरीच्या पुढे मूळ द्रव्याचा एकही रेणू उरण्याची शक्यता जवळपास संपते. बाराक्षारांच्या सहा-एक्स गोळीत दहा लाखांत एक भाग द्रव्य असते खरे, पण नॅट्रम मूर म्हणजे साधे मीठ, आणि आमटीच्या एका वाटीत त्याहून ते कितीतरी अधिक जाते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यासांची छाननी करून, होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही विकाराबाबत नाही, असा निष्कर्ष काढला. सर्दी, पडसे, मुका मार, मुलांची किरकिर, साधा ताप ही पेटीची नेहमीची गिऱ्हाइके आपल्या गतीने बरी होणारीच दुखणी. तिथे गोळीने वेळ गोड केला, आणि कॅलोमेल व जळवांपासून घराला वाचवले, हे तिचे श्रेय लहान नाही.

खरी परीक्षा पटकीची. हानेमानने १८३१ मध्ये युरोपातल्या पहिल्या साथीत कापूर सुचवला, आणि पुढे नेपल्सच्या रुबिनीचा तीव्र कापूर-अर्क प्रसिद्धीस आला. बंगालच्या पेट्यांतही कापराची बाटली असे, पण ती इतरांपासून दूर ठेवायची, कारण कापराच्या वासाने बाकीची औषधे निकामी होतात अशी समजूत. पटकीत माणूस मरतो तो शरीरातले पाणी आणि क्षार वाहून गेल्याने. अ‍ॅलोपॅथीचे डॉक्टर तेव्हा रक्त काढीत आणि रोग्याचे पाणी तोडीत, त्यापुढे साखरेवर टाकलेला कापराचा थेंब निश्चितच दयाळू होता. पण विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यातच लेनर्ड रॉजर्सने शिरेतून क्षारजल देऊन पटकीचे मृत्यू घटवल्यावर तुलनेचे माप बदलले. आता पेटीशी बसून राहण्यात गेलेला एकेक तास रोग्याच्या जिवावरचा होता. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये क्षय, हिवताप, एच. आय. व्ही. यांच्याबरोबर तान्ह्या मुलांच्या अतिसारावरही होमिओपॅथीवर विसंबू नये असे स्पष्ट सांगितले, ते याच कारणासाठी.

शिरेतून द्यायचे क्षारजल घरात देता येण्याजोगे नव्हते. ती अडचण सुटली तीही बंगालमध्येच. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळचे शिरेतून द्यायचे द्रावण संपत आले. त्यांनी एक लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात मिश्रण करवून घेतले आणि ते पिंपांतून वाटले. छावण्यांत तीस टक्क्यांपर्यंत गेलेले मृत्यूचे प्रमाण तिथे चार टक्क्यांच्या आत आले. रोग्याला पेल्या-पेल्याने ते पाजण्याचे काम डॉक्टरांनी केले नाही, तेवढे डॉक्टर तिथे नव्हतेच. ते रोग्यांच्या आयांनी, बहिणींनी आणि भावांनी केले, आणि त्यांना त्यासाठी कोणतेही पुस्तक वाचावे लागले नाही.